ट्रेडआधी तक्ता वाचा: फॅन्टसी हॉकीतल्या अदलाबदलीचा हिशेब

आम्ही दहा जण फॅन्टसी हॉकी खेळतो: एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकी लीगचे खरे खेळाडू कागदावर आपापल्या संघात घ्यायचे आणि खऱ्या सामन्यांतले त्यांचे आकडे आपल्या खात्यात मोजायचे. आमच्या लीगमध्ये माझ्या संघाचं नाव ‘रंकाळा रेंजर्स’. मी मूळची कोल्हापूरची, गेली चौदा वर्षं कॅनडातल्या मिसिसागात, काम पगारपत्रकांचं. हॉकीची स्टिक मी आयुष्यात एकदाच हातात धरली, तीही मुलाची, गॅरेजमधल्या अडगळीतून बाहेर काढायला. तरी गेल्या सहा मोसमांत तीनदा पहिल्या तिघांत आले. कारण एवढंच की बाकीचे नऊ जण खेळाडू बघतात आणि मी तक्ता बघते.

फॅन्टसी म्हटलं की ज्यांना ड्रीम इलेव्हन आठवतं, त्यांच्यासाठी आधी एक फरक सांगते. तिथे एकच फलंदाज लाखो जणांच्या संघात असू शकतो. इथे तसं नाही. ऑक्टोबरात मोसम सुरू व्हायच्या आधी ड्राफ्ट होतो, आळीपाळीने खेळाडू निवडायचे. कॉनर मॅकडेव्हिड एकाने उचलला की उरलेल्या नऊ जणांसाठी तो संपला. एप्रिलपर्यंत तो हवा असेल तर त्याच्या मालकाशी बोलणी करायची, आपल्याकडचं काहीतरी द्यायचं. हाच ट्रेड.

आमची लीग दहा संघांची, रोटो पद्धतीची. रकानेही दहा. मैदानावरच्या खेळाडूंचे सहा: गोल, असिस्ट (गोलाआधीचा पास), प्लस-मायनस (खेळाडू बर्फावर असताना संघाने केलेले गोल वजा खाल्लेले, साधारणपणे), पॉवर प्लेचे पॉइंट (समोरच्या संघाचा माणूस शिक्षा होऊन बाहेर असताना केलेले गोल आणि असिस्ट), शॉट्स आणि हिट्स (अंगावर जाऊन दिलेले धक्के). गोलकीपरांचे चार: विजय, सामन्यामागे खाल्लेले गोल, सेव्ह टक्केवारी (शंभर शॉट्सपैकी अडवलेले), शटआउट (एकही गोल न खाल्लेला सामना). प्रत्येक रकान्यात पहिल्याला १० गुण, दुसऱ्याला ९, असं उतरत शेवटच्याला १. दहाही रकान्यांची बेरीज म्हणजे तुमचं लीगमधलं स्थान.

आता एक साधा हिशेब करा. १० पासून १ पर्यंतची बेरीज ५५. दहा रकान्यांचे झाले ५५०. मोसमाच्या कुठल्याही दिवशी सगळ्या संघांचे गुण एकत्र केले तर ५५०च भरणार. ट्रेडने गुण जन्माला येत नाहीत, ते इकडून तिकडे सरकतात. माझे चार वाढले तर कुणाचे तरी चार गेले. ते कुणाचे गेले, हे बहुतेक लोक बघतच नाहीत.

जुनं ज्याचं त्याच्याकडे

नवीन माणसाचा पहिला प्रश्न हाच असतो: मी घेतलेल्या खेळाडूचे आतापर्यंतचे गोल माझ्या खात्यात येतात का? नाही. आमच्या कामात जूनमध्ये एका खात्यातून दुसऱ्या खात्यात बदली झालेल्या माणसाचा जानेवारी ते मेचा पगार जुन्याच खात्यावर पडतो. इथेही तसंच. ट्रेड मंजूर झाल्यापासून पुढे जे होईल तेवढंच तुमचं.

ऐकायला सोपं वाटतं, पण स्क्रीनवर खेळाडूच्या नावापुढे मोसमाचा पूर्ण आकडा दिसत असतो आणि मन त्याच आकड्याची किंमत मोजायला तयार होतं. माझंही झालं. २०२५च्या जानेवारीत मी कोलोरॅडोचा मिको रँटानन घेतला. ४९ सामन्यांत ६४ पॉइंट (गोल अधिक असिस्ट) असलेला माणूस. सौदा केला आमच्या धाकट्या दिरांशी, म्हणजे भावजींशी. ते लीगमध्ये सतत पहिल्या-दुसऱ्या जागेवर असतात. बदल्यात मी कॅरोलायनाचा मार्टिन नेचास दिला आणि वर एक चांगला डिफेन्समन. आमच्याकडे ट्रेड दोन दिवस मंजुरीसाठी लटकतो. तो २४ जानेवारीला सकाळी मंजूर झाला, आणि त्याच दिवशी रात्री उशिरा बातमी आली की कोलोरॅडोने रँटाननला कॅरोलायनाला देऊन टाकलं. बदल्यात त्यांनी घेतलेल्यांत कोण, तर नेचास! म्हणजे एनएचएलमधल्या अनुभवी व्यवस्थापकांनी आणि मिसिसागातल्या पगारपत्रकवालीने एकाच दिवशी तोच सौदा केला होता. फरक इतकाच की कोलोरॅडोच्या बाजूला भावजी होते.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. जाऊबाईंना सोडायला भावजी आले ते दारातूनच म्हणाले, “वहिनी, तिळगूळ घ्या आणि नेचासबद्दल गोड बोला.”

पुढचे आकडे असे. रँटाननने कॅरोलायनात १३ सामन्यांत फक्त ६ पॉइंट केले. ७ मार्चला त्याला पुन्हा विकलं, आता डॅलसला; तिथे २० सामन्यांत १८. मोसमअखेर त्याच्या नावापुढे ८८ पॉइंट दिसत होते. त्यातले माझ्या खात्यात पडले २४. भावजींकडे गेलेल्या नेचासने कोलोरॅडोत ३० सामन्यांत २८ केले, आणि माझा डिफेन्समन त्यांना वरकड मिळाला तो वेगळाच.

चूक कुठे झाली? एक तर मी ६४ची किंमत मोजली, आणि ते ६४ भावजींच्या तिजोरीत कधीच जमा होऊन कुलूपबंद झालेले होते. दुसरं, माणसाचे पॉइंट त्याच्या एकट्याचे नसतात. कोलोरॅडोच्या नेथन मॅकिनन आणि केल मकारच्या सोबत पॉवर प्लेला उभं राहणं वेगळं आणि नव्या गावात जाऊन खेळणं वेगळं. तिसरं म्हणजे रँटाननचा करार त्याच उन्हाळ्यात संपत होता आणि नवा झालेला नव्हता, हे जगजाहीर होतं. तेव्हापासून जानेवारीनंतर कुणालाही घेताना मी आधी त्याचा करार कधी संपतो ते बघते. दोन मिनिटांचं काम आहे.

फट कुठे आहे

आता जमलेला ट्रेड सांगते, कारण पद्धत त्यातून नीट कळेल. त्याच मोसमातली गोष्ट, १४ डिसेंबर २०२४. प्रत्येक संघाचे साधारण ३० सामने झालेले, ५२ बाकी. मी सहावी.

दर पंधरा दिवसांनी मी दहा रकान्यांचे आकडे एका वहीत उतरते. स्क्रीनवर बघू नका, हाताने लिहा. लिहिताना फटी दिसतात. असिस्टच्या रकान्यात मी २१४ वर पहिली, दुसरे भावजी १८१, तिसरा आमचा सडबरीवाला १७८. (हा माझ्या ऑफिसातला. जन्म सडबरीचा, चालायच्या आधी स्केटिंग शिकलेला. खेळ त्याला माझ्या दसपट कळतो, तक्ता अजिबात नाही.) हिट्सच्या रकान्यात मात्र मी नववी, ३१८. माझ्या वरचे असे: ३२६, ३३१, ३३४, ३४०. त्यानंतर एकदम ३९८, ४१२, आणि वरचे दोघे ५०६ आणि ५२०.

हे आकडे बघून तुम्हाला काय दिसतं? असिस्टमध्ये मी दुसऱ्याच्या ३३ पुढे आहे. १ ने पुढे असते तरी गुण १०च मिळाले असते, म्हणजे ३२ असिस्ट कपाटात पडून आहेत. आणि हिट्समध्ये २३ची भर पडली की चार संघ ओलांडता येतात. चार गुण, फक्त २३ हिट्ससाठी.

माझे वडील शाहू मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. ते म्हणायचे, वखारीत भाव येत नाही, भाव सौद्यात येतो. माझे ३२ असिस्ट वखारीत होते.

पण नुसतं अंतर बघून भागत नाही, चाल पण बघायची. सगळेच पुढे जात असतात. एकूण आकड्याला झालेल्या सामन्यांनी भागा. ३४० वाला संघ सामन्यागणिक ११.३ हिट्स करतोय, मी १०.६. नुसती बसून राहिले तर अंतर वाढणार. मी काय केलं, न्यूयॉर्क रेंजर्सचा आर्तेमी पॅनारिन सडबरीवाल्याला दिला. पॅनारिन असिस्टचा कारखाना, पण धक्काबुक्कीशी त्याचं वाकडं. बदल्यात व्हँकूव्हरचा कीफर शेरवूड घेतला आणि वर यूटाचा डिलन गुंथर मागितला.

शेरवूडचं नाव ऐकून ग्रुपवर हसण्याच्या इमोजींचा पाऊस पडला. पॉइंटांच्या यादीत तो खूप खाली. पण हा बाबा सामन्याला सहाच्या आसपास हिट्स मारत होता. मोसमअखेर ४६२ झाल्या. एनएचएलमध्ये एका मोसमात इतक्या हिट्स कुणीच कधी नोंदवलेल्या नव्हत्या. आधीचा ३८३चा विक्रम त्याने पार मागे टाकला. पॉइंट केले ४०.

पॅनारिन जाऊन शेरवूड आला की सामन्याला जवळपास ५.७ हिट्स वाढतात. माझी चाल १०.६ वरून १६.३ झाली. ३४० वाल्यापेक्षा सामन्याला ५ जास्त, म्हणजे २२चं अंतर चार-पाच सामन्यांत मिटतं. नाताळपर्यंत मी पाचवी होते. ३९८ वाल्याची चाल १३.३, त्याच्याशी ८०चं अंतर, सामन्याला ३ने कमी होणार, म्हणजे २७ सामने. ४१२ वाल्याला ३७ सामने. मार्चमध्ये ते दोघेही मागे पडले. ५०६ वाल्याची चाल माझ्यापेक्षा जास्त, आणि ५२० वाला शेरवूड गेल्यावरही दोनशेने पुढे; ते हाती लागतील असं मी डिसेंबरातच धरलं नव्हतं, म्हणून आणखी हिट्सवाला घ्यायच्या भानगडीत पडले नाही. नवव्यावरून तिसरी. सहा गुण.

किंमत? असिस्ट. पॅनारिनच्या जागी शेरवूड म्हणजे सामन्याला साधारण ०.४ असिस्ट कमी, ५० सामन्यांत २०. सडबरीवाल्याचे तेवढ्या काळात दहाएक वाढतील. आमच्यातलं अंतर ३६चं, त्यातले ३० गेले तरी सहा उरतात. पहिला नंबर राहतो, गुण १०चे १०च.

एक खाच लक्षात ठेवा. दोन घेऊन एक दिला की संघात जागा कमी पडते, आणि आपल्याच एकाला सोडावं लागतं. सोडलेला माणूस हीसुद्धा ट्रेडची किंमत आहे, ती कागदावर मांडा. मी सोडला तो असाही बाकावर बसून असायचा. उलट दोन देऊन एक मोठा घेतलात तर एक जागा मोकळी होते, तिथे मोकाट खेळाडूंमधला कुणी घेता येतो; मग त्याचे आकडे तुमच्या पारड्यात धरा. आणि जागांची अडचण वेगळी. दोन लेफ्ट विंगच्या जागांसाठी तीन बरे लेफ्ट विंग गोळा केले तर तिसरा रोज बाकावर बसून गोल करणार आणि ते कुठेच मोजले जाणार नाहीत.

कुणाला द्यायचं

आता ५५०कडे परत येऊ. पॅनारिन मी दुसऱ्या कुणालाही देऊ शकले असते. असिस्टमध्ये सातव्या जागेवर असलेल्या आमच्या दंतवैद्य बाई तर गुंथरपेक्षाही बरा माणूस द्यायला तयार होत्या. तरी मी सडबरीवाल्याकडे गेले, कारण तो असिस्टमध्ये भावजींच्या फक्त तीनने मागे होता आणि एकूण तक्त्यात नववा. त्याचे गुण वाढले तरी मला त्याची भीती नव्हती. पण तो भावजींना ओलांडून गेला की भावजींचा एक गुण कापला जाणार. शिवाय हिट्समध्ये मी ज्यांना ओलांडणार होते त्या चौघांत ३३१ वर भावजी होते, तिथेही एक. मला सहा मिळाले, भावजींचे दोन गेले. आमच्यातलं अंतर आठने कमी झालं. ट्रेडमध्ये भावजी कुठेच नव्हते.

हे वाचून कुणी म्हणेल, ही लबाडी झाली. मला नाही वाटत. सडबरीवाल्याला त्याच्या उपयोगाचा माणूस मिळाला, त्याचे गुण वाढले. लबाडी म्हणजे दोन संघांनी ठरवून एकाने दुसऱ्याला आपला संघ आंदण देणं. मार्चमध्ये शेवटच्या नंबरवाला आपला हुकमी खेळाडू मित्राला फुकटात देतो, त्याला लीगने मतदानाने अडवायलाच हवं. पण नुसता ‘मला हा ट्रेड पटला नाही’ म्हणून नकाराचं बटण दाबणारेही असतात. आमच्यात एक आहेत. दर ट्रेडला विरोध.

प्रस्ताव पाठवताना आपला तक्ता समोरच्याला दाखवू नका, त्याचाच दाखवा. सडबरीवाल्याला मी लिहिलं होतं त्याचा अर्थ असा: “असिस्टमध्ये तुझ्यापुढच्याशी तीनचं अंतर आहे. हिट्समध्ये तू ५२० वर पहिला, शेरवूड गेला तरी बराच काळ वर राहशील. पॅनारिन घे.” यात एकही शब्द खोटा नव्हता. आवळा देऊन कोहळा काढायला जाऊ नका. दहा जणांच्या लीगमध्ये एकदा नाव खराब झालं की पुढची तीन वर्षं तुमचे निरोप कुणी उघडत नाही. मी माझ्या दुसऱ्या मोसमात एका शेजाऱ्याला जखमी खेळाडू दिला होता, बातमी त्याच्यापर्यंत पोचायच्या आत. तो अजून माझ्याशी ट्रेड करत नाही. बर्फ काढायचं यंत्र मात्र देतो.

शॉट्सच्या मानाने गोल फार झालेला खेळाडू दिसला तर विकायची वेळ तीच. वेगासच्या विल्यम कार्लसनने २०१७-१८ मध्ये ४३ गोल केले, तेव्हा त्याचे शंभरातले २३ शॉट्स जाळ्यात जात होते. साधारण खेळाडूचे दहाच्या आसपास जातात. पुढच्या मोसमात गोल झाले २४. त्याला मधल्या उन्हाळ्यात महागात घेणाऱ्यांनी बहुधा शॉट्सचा रकाना उघडलाच नसेल.

गोलकीपर आणि टक्केवारी

मोजणीचे रकाने आणि सरासरीचे रकाने यांचा स्वभाव वेगळा. विजय मोजायचे असतात. विनिपेगचा कॉनर हेलेबक २०२४-२५ मध्ये ४७ सामने जिंकला, असा माणूस फेब्रुवारीत घेतला तरी पुढचे विजय थेट खात्यात पडतात. सेव्ह टक्केवारीचं तसं नसतं. समजा आजवर तुमच्या गोलकीपरांवर १४०० शॉट्स आले आणि टक्केवारी ९०.५ आहे. ती मोसमअखेर ९०.८ करायची आणि अजून ७०० शॉट्स यायचेत, तर त्या ७०० वर ९१.४ हवेत. ऑक्टोबरात हे जमतं, मार्चमध्ये रकाना पिंपासारखा जड झालेला असतो, ढकलला तरी हलत नाही. म्हणून टक्केवारीसाठी गोलकीपर घ्यायचा तर डिसेंबरच्या आत, आणि विजय-शटआउटसाठी कधीही.

रोटोमध्ये सामन्यांचीही मर्यादा असते, साधारणपणे प्रत्येक जागेला ८२. दोन लेफ्ट विंग असतील तर १६४. तुम्ही रोज सगळ्यांना खेळवून पुढे पळाला असाल तर मार्चमध्येच कोटा संपतो, आणि मग घेतलेला नवा खेळाडू नुसता शोभेला. ट्रेडआधी उरलेले सामने मोजा. कमी उरले असतील तर सामन्यामागची सरासरी ज्याची चांगली तोच घ्या.

तुमची लीग हेड-टू-हेड असेल, म्हणजे दर आठवड्याला एकाशी लढत, तर वरचा फटींचा हिशेब लागू पडत नाही. झालेले विजय-पराजय गोठलेले, ट्रेडचा परिणाम येत्या आठवड्यापासून. तिथे वेळापत्रक हाच राजा: ज्याच्या संघाचे त्या आठवड्यात चार सामने तो, दोन सामने असलेल्या त्याच्याहून बऱ्या खेळाडूला भारी पडतो. मार्चअखेरच्या बाद फेरीच्या आठवड्यांत कुणाचे किती सामने आहेत ते फेब्रुवारीतच बघून ठेवा. मोठे खंडही बघा. २०२५ मध्ये १२ ते २० फेब्रुवारी चार देशांची स्पर्धा माँट्रियल आणि बॉस्टनला झाली, त्या दिवसांत एनएचएलचे सामनेच नव्हते.

शेवटचं, बरोबरीचं. बरोबरीत असलेल्यांमध्ये गुण वाटले जातात. शटआउटचे आकडे लहान, त्यामुळे तिथे बरोबरी फार. त्या मोसमात एप्रिलमध्ये आम्ही चौघं सहा शटआउटवर होतो, तिसरी ते सहावी जागा. गुण ८, ७, ६, ५, प्रत्येकाला साडेसहा. त्या चौघांत भावजीही. एकूण तक्त्यात ते ७०, मी ६९.५. मला आणखी एकच शटआउट मिळाला तर माझे आठ होणार, म्हणजे दीडची भर, ७१. आणि भावजी उरलेल्या तिघांत वाटणीला जाऊन सहावर येणार, म्हणजे ६९.५. मार्चमध्ये ट्रेडची मुदत संपायच्या आत मी एक दुय्यम गोलकीपर घेऊन ठेवला होता तो याचसाठी.

मोसमाच्या शेवटच्या आठवड्यात एका रात्री त्याला खेळवलं. दोन पिरियड शून्य. तिसऱ्याची सोळा मिनिटं शून्य. मी पोळ्या करता करता फोन ओट्यावर टेकवून बघत होते. तीन मिनिटं चाळीस सेकंद उरली असताना निळ्या रेषेवरून कुणीतरी उगाच मारल्यासारखा मारला, पक, म्हणजे ती रबरी चकती, आमच्याच डिफेन्समनच्या पोटरीला लागून आत गेला. तव्यावरची पोळी करपली. दोन मिनिटांनी भावजींचा फोन वाजला. मी उचलला नाही.